लोणच्याच्या बरणीचं चर्च

बाबा,

तुमचं गाव काल सापडलं. आपलं नव्हे, तुमचं; लग्नानंतर लगेच कारखान्याने तुम्हाला मशीन शिकायला धाडलं होतं, ते जर्मनीतलं. सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, तुमच्या नातवाच्या टॅबवर सापडलं. तुम्ही आम्हाला सोडून गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे टॅब म्हणजे काय इथपासून सांगायला हवं. पाटीएवढी काच असते आणि तिच्यात जगातलं कुठलंही गाव वरून बघता येतं, एवढं पुरे. सिंगापूर कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहेच, तुमचं विमान येताना वाट वाकडी करून इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटतं.

आजच लिहायला बसायला कारण आहे. आमचा पीआर मंजूर झालाय, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. हो म्हटलं तर मुलगा मोठा झाल्यावर नियमाप्रमाणे दोन वर्षं इथल्या सैन्यात जाऊन येईल आणि इथलाच होईल. नाही म्हटलं तर पुण्याला परतायची जी भाषा आम्ही दर दिवाळीत करतो, ती एकदाची खरी करावी लागेल. नवरा तयार आहे, घोडं माझ्यापाशी अडलंय. आई तिकडे एकटी आहे, आणि तुमचं उदाहरण डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्हालाही तिथल्या मालकाने राहा म्हटलं होतं. तुम्ही परत आलात. आईने जर्मनीला यायला साफ नकार दिला म्हणून आलात, असं आत्या सांगायच्या, आणि आत्यांनी सांगितलेलं आपल्या घरात कुणी पडताळून बघत नसे.

रविवारी जेवणं झाली की तुम्ही टेबल आवरू द्यायचा नाहीत. आई आतून ओरडायची, "खरकटं वाळतंय!" पण तुमचं गाव मांडून होईपर्यंत इलाज नसे. लोणच्याची बरणी म्हणजे चर्च. पोळ्यांचा डबा हा एक डोंगर, कुकर हा दुसरा. मधून ताकाच्या थेंबांची रेघ ओढायचात, तो ओढा. डब्याच्या अंगाला ऊन आणि कुकरच्या अंगाला सावली. हिवाळ्यात सावलीकडच्या घरांना कित्येक आठवडे सूर्य दिसत नसे, म्हणून उन्हाकडची माणसं स्वतःला जरा शहाणी समजायची. "म्हणजे सदाशिव पेठच की," आई म्हणायची, आणि तुम्ही खो खो हसायचात. मग इतिहास सुरू. कुठल्याशा मठातल्या लोकांनी जंगल तोडून गाव वसवलं, लढाईत ते जळालं, उरलेल्यांनी त्याच दगडांवर पुन्हा घरं बांधली, पुढे बटाट्यावर रोग पडला आणि अर्धं गाव उठून अमेरिकेला गेलं. हे सांगताना तुम्ही टेबलावरच्या निम्म्या वाट्या उचलून सिंकमध्ये नेऊन ठेवायचात. आईचं तेवढंच काम हलकं व्हायचं.

चर्चला लागून एक पालथी वाटी असायची, ती गावची भट्टी. घरोघरी पाव भाजत नसत. शनिवारी सगळं गाव पीठ मळून तिथे आणायचं आणि नंबर ठरवायला चिठ्ठ्या काढायचं. तुम्ही जिच्या घरी राहायचात त्या म्हातारीचा हात दुखावला होता, तर तिने चिठ्ठी काढायला तुम्हाला पाठवलं. पहिला नंबर निघाला. तुम्ही, पुण्याचा माणूस, पहिला मान मिळाला म्हणून हात जोडून साऱ्यांना नमस्कार केलात. मग हास्याचा नुसता स्फोट. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, की पहिला नंबर सगळ्यांत वाईट! आठवडाभर गार पडलेली भट्टी त्याने तापवायची, सगळ्यांत जास्त लाकूड त्याचं जळणार, आणि पावही त्याचाच कच्चा-करपलेला निघणार. मागून येणाऱ्यांना आयती गरम भट्टी. म्हातारीने कपाळाला हात लावला. तुम्ही दिवसभर लाकडं वाहिलीत, आणि तो अर्धवट करपलेला पाव आयुष्यात खाल्लेला सगळ्यांत चांगला पाव होता, असं तुम्ही दर वेळी सांगायचात. आम्हाला ते कधीच पटलं नाही.

मी सातवीत गेले आणि मला भूगोल येऊ लागला. त्या देशांत ऊन दक्षिणेकडून येतं, तेव्हा दक्षिणेला तोंड केलेला उतार उन्हाचा, असं बाई शिकवतात. मी टेबलाकडे बघते तर तुमचा उन्हाचा डोंगर माझ्या पुढ्यात, खाली. वर कुकर आणि चर्च. नकाशात वर उत्तर असते, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. "बाबा, तुमचं गाव चुकलंय. डबा वर हवा," मी म्हणाले. तुम्ही चिडला नाहीत. खुर्ची मागे सरकवलीत आणि म्हणालात, "इकडे येऊन बघ." मी काही उठले नाही. चूक तुमची, आणि उठायचं मी, हे कुठलं?

तर कालची गोष्ट. गावाचं नाव मला तुम्ही म्हणायचात तसं कानाला पाठ होतं, लिहिता येत नव्हतं. तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात एक जर्मन गृहस्थ आहेत. शुक्रवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवताना मी त्यांना ते नाव तीन-चारदा म्हणून दाखवलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "तिथे कशाला जायचंय? गाई आहेत फक्त," म्हणाले, आणि कागदी रुमालावर लिहून दिलं. शाळा बंद झालीय म्हणे, गाव कागदोपत्री शेजारच्या मोठ्या गावात घातलंय. भट्टी मात्र आहे. वर्षातून एकदा जत्रेला पेटवतात.

काल दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबल आवरू दिलं नाही. तुमच्या नातवाला समोर बसवलं आणि गाव मांडलं, अगदी मला दिसायचं तसं. चर्चच्या जागी चिली सॉसची बाटली, कारण लोणचं संपलंय. पोळ्यांचा डबा माझ्या पुढ्यात, राइस कुकर पलीकडे. पहिल्या नंबरची गोष्ट सांगितली तेव्हा तो इथल्या पोरांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "Wah, so sad, but funny." मग त्याने टॅबवर गाव शोधून काढलं, जरा वेळ बघितलं आणि काच माझ्या हातात दिली.

बाबा, सगळं होतं. ओढा, त्याच्या कडेने गेलेला एकच रस्ता, काळी छपरं. पण सगळं उलटं. चर्च खाली, उन्हाचा डोंगर वर, ओढा भलत्याच दिशेने वाहणारा. तुम्ही विसरला होतात, की आमची करमणूक म्हणून रचून सांगत होतात? चाळीस वर्षांची बाई मी, आणि रडू फुटायचं बाकी होतं. "आजोबांचं चुकलंय रे," मी म्हणाले.

"No what. Same same," तो म्हणाला.

"कुठे सेम आहे? चर्च बघ ना कुठे आहे ते."

तो तुमच्यासारखाच बसतो, एक पाय खुर्चीवर घेऊन. तो पाय खाली सोडून तो म्हणाला, "आई, come my side and see, lah."

मी उठले. या वेळी उठले. टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले, आणि गाव सरळ झालं. डबा वर, बाटली खाली, ओढा जिथून यायचा तिथून येतोय. मी इतकी वर्षं तुमचं गाव तुमच्या समोर बसून बघत होते. त्याच्या बाजूने बघताना त्याच्यामागच्या खिडकीतून नेहमी दिसणारी एलआरटी, वस्तीतून फिरणारी छोटी ट्रेन, दिसली नाही. समोरची भिंत दिसली, तिच्यावर दरवर्षी त्याची उंची मोजून मारलेल्या पेन्सिलीच्या खुणा. त्या सगळ्या याच घरातल्या आहेत.

आज सकाळी आईला फोन केला. म्हटलं, एक बाजू उलटी निघाली, तर दुसरीही विचारून घ्यावी. "आई, तू जर्मनीला जायला नाही का म्हणालीस?"

"कोण म्हणतं मी नाही म्हणाले?" आईचा आवाज चढला. "आत्या ना तुझ्या? अगं, मी दोन गळाबंद स्वेटर विणून ठेवले होते. नंतर बोहारणीला दिले, पुण्यात काय करायचे?"

"मग बाबा परत का आले?"

"त्यांना यायचंच होतं. म्हणाले, तिथली भट्टी तापलेलीच आहे, मी असलो काय नि नसलो काय. इथे त्या मशीनला हात लावणारा एक माणूस नाही. आले, आणि पुढे किती वर्षं घरी जेवायला वेळेवर आले नाहीत ते मला विचार. पहिला मान यांचा, आणि लाकडं वाहिली मी!"

मी हसले. ती हसली नाही. मग म्हणाली, "तुला विचारायचंय ते हे नाहीच. कळतं मला. राहा तिथे. तुम्ही दोघांनी जाऊन पहिली भट्टी पेटवलीत, आत्ता कुठे ती तापलीये. पोराला गरम मिळू दे."

"आणि तू?"

"मला काय धाड भरलीये? ठेव, गॅसवर दूध आहे."

दुपारी नवऱ्याला हो म्हणून सांगितलं. तो आणि मुलगा खाली पोहायला गेलेत, टेबलावर गाव तसंच मांडलेलं आहे, आणि मी मुलाच्या खुर्चीत बसून हे लिहितेय. तुम्हाला पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही आलेलं प्रत्येक पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवायचात. आणि तिला हे कळायला नको आहे, की ती दुधाचं निमित्त करून फोन ठेवेपर्यंत मी कान लावून बसले होते, तिने फक्त एकदा "परत ये" म्हणावं म्हणून.