एक सापडला की खर्च वसूल

२४ जानेवारी १९८८
मंडळातल्या नंदकुमारला जाऊन आज तेरा दिवस. वय पंचेचाळीस, म्हणजे माझंच. सुखना लेकला रोजची फेरी मारून बाकावर बसला तो उठलाच नाही. ना सिगारेट, ना दारू, तरी हार्ट अटॅक. मी घाबरलेलो नाही. एअरफोर्सचा माणूस घाबरत नाही. पण महाराष्ट्र मंडळाच्या लोकांसाठी काहीतरी करायला हवं. संकल्प: मंडळातल्या सगळ्या धडधाकट माणसांचं कोलेस्टेरॉल तपासायचं.
पराठे आजपासून दोनच. थंडी फार, म्हणून आज चार.

३१ जानेवारी
कमिटीची मीटिंग. खजिनदार दामोदर, माझा जुना दोस्त, डेराबस्सीच्या एका कारखान्यात अकाउंटंट. म्हणाला, निरोगी माणसांना सुया टोचून मिळतं काय? अठ्ठावीस माणसं, प्रत्येकी साठ रुपये, एवढ्यात गणपतीचा मांडव होतो. मी म्हटलं, बायपासला किती लागतात माहीत आहे? एक जरी सापडला तरी सगळा खर्च वसूल. शेवटी पैसे मंजूर केले. तो एक कोण, हे मी मनात हेरून ठेवलंय. दामोदरचं पोट बघा.

७ फेब्रुवारी
तपासणीआधी बारा तास उपाशी राहावं लागतं. मराठी माणसाला उपाशी ठेवणं कठीण. अफलातून आयडिया सुचली: तारीख १६ ठेवायची. महाशिवरात्र. सुट्टीही आणि सगळ्यांचा उपासही. प्लॅनिंग म्हणतात ते हे. रागिणी म्हणाली, पापा, पक्का कुछ गडबड होगी. पोरीला मराठी समजतं, बापाची किंमत समजत नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी ११
घात झाला. लॅबवाल्याला स्कूटरवरून आणत होतो. नाक्यावर सीआरपीच्या जवानांनी अडवलं, पेटीतली एकेक सुई, एकेक बाटली काढून बघितली. दिवस दहशतवादाचे आहेत, त्यांचंही बरोबर. पाऊण तास गेला. घरी आलो तर सत्तावीस माणसं माझ्याच हॉलमध्ये साबुदाण्याची खिचडी खात होती. तूप, दाण्याचं कूट, वर दही. केली कोणी? चित्राने. माझ्या बायकोने! म्हणते, उपासाच्या दिवशी आलेल्यांना तसंच कसं बसवायचं? दामोदर तिसऱ्यांदा वाढून घेत होता. ज्यांच्या जिवासाठी मी धडपडलो, त्यांनी माझ्याच घरात मला दगा दिला. मग रक्त मात्र सगळ्यांनी दिलं. उपाशी फक्त मी.

१७ फेब्रुवारी
कमिटीला लेखी पत्र, तीन प्रती. सत्तावीस रिपोर्ट रद्दी समजावेत. शास्त्रशुद्ध रिपोर्ट एकच येणार, माझा. तेवढाच ग्राह्य धरावा. खाली सही, हुद्दा.
चित्राशी अबोला. पराठे तीन, रागाच्या भरात.

२१ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. लॅबचे डॉक्टर म्हणाले, एका सकाळच्या खिचडीने कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही. सत्तावीस नॉर्मल. दामोदर १७२. मी ३१८.
दामोदरने माझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, श्रीराम, एक सापडला. खर्च वसूल.
पंचेचाळीस वर्षं ज्याला खाऊ घातलं त्या शरीराने असा विश्वासघात करावा! चित्राने लोण्याचा डबा शेजारी देऊन टाकला. लॅबच बदलायला हवी. आणि खरं सांगायचं तर, निरोगी माणसांना सुया टोचून मिळतं काय?
उद्यापासून सुखनाला दोन फेऱ्या. त्या बाकावर मात्र बसणार नाही.