पोलंडमधलं एक जास्तीचं ताट

१९ डिसें.
आजही पत्र नाही. सुशीलेचं शेवटचं येऊन सव्वा महिना झाला. गाय चारा-छावणीत. शिरूर अनंतपाळला टँकर चौथ्या दिवशी; जिल्हा नवा झाला, कलेक्टरसाहेब लातुरात आले, टँकरचं मात्र तेच. आप्पांविषयी एकच ओळ : "मामंजी बरे आहेत. तुमचा विषय काढत नाहीत." ओळ पाठ झालीय.
मी निघताना आप्पा ओसरीवर बसून म्हणाले होते, "जितराबं मरून राहिलीत, अन् जनावराचा डाक्टर इमानात बसून चालला." पाया पडलो तर पाय आखडून घेतले. मी म्हणालो, सरकारनं सहा महिने शिकायला पाठवलंय, माझा काय इलाज? (इलाज होता. अर्ज मीच केला होता.)

२१ डिसें.
न्हाणीघरात मासा! घरमालकीण यानिनाबाईंनी नाताळच्या जेवणासाठी जिवंत आणलाय, हातभर लांब. टबात सोडलाय. तोवर आंघोळ बंद. टब काठोकाठ. एवढ्या पाण्यात आमची गल्ली दोन दिवस काढेल. बाजूला उभं राहून तांब्याभर पाण्यात अंग पुसलं, मासा बघत होता. मग लिंगपूजेला बसलो तरी डोळ्यांपुढे तोच. हसू आलं, टिकलं नाही.

२२ डिसें.
अमावस्या. गावाकडं आज येळवस, वेळ अमावस्येचा सण. शेतात कडब्याची कोप, छोटं खोपटं, करून पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. यंदा कोपीला कडबा कुठला? वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची, ओळख असो नसो. लहानपणी आप्पा मलाच बांधावर उभं करायचे : "वरड मोठ्यानं. उपाशी जाया नगं कुणी." गाडीवाले, पोस्टमन, एकदा तर आमच्यावर केस घातलेला माणूस.
आज कॉलेजच्या खानावळीत एकट्यानं उकडलेले बटाटे खाल्ले. घरी जावंसं वाटतं. आत्ता, चालत.

२४ डिसें.
आज त्यांच्या नाताळची आदली सांज. बाईंनी मला जेवायला हाक मारली. दिवसभर उपास, पहिली चांदणी दिसल्यावर सोडायचा. संकष्टीची सवय कामी आली. टेबलाच्या चादरीखाली वाळलं गवत पसरलेलं, येशू गोठ्यात जन्मला म्हणून. चादर उचलून हुंगलं. उत्तम गवत. बाई म्हणाल्या, काय शोधताय? काय सांगू.
माणसं दोन, ताटं तीन. "तिसरं कुणाचं?" "वाटेनं कुणी आलं तर त्याचं."
म्हणजे येळवसच की! बाई चुलीपाशी वळल्या तसा कोट चढवून फाटकात गेलो. रस्ता बर्फानं पांढरा, सुनसान. एक म्हातारा लाकडं घेऊन येत होता. मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये हाक मारली, या, जेवून जावा. तो मान हलवून नको म्हणाला. मी सोडतोय होय? आपल्याकडं पहिल्यांदा नकोच म्हणतात. दंडाला धरून आणला.
बाईंचा चेहरा उतरला. तो त्यांचा दीर, स्तेफान. पलीकडच्याच घरात राहतो. बांधावरून भांडण, सात वर्षं बोलणं बंद. इथं ताट मांडायचं असतं, माणूस धरून आणायचा नसतो, हे मला कोण सांगणार!
जेवणाआधी एक पांढरी, कागदासारखी पातळ चकती हातात देतात. एकमेकांच्या चकतीचा तुकडा मोडून खायचा आणि मागचं विसरायचं. आपला तिळगूळच. बाईंनी माझी मोडली, मी त्यांची. मग स्तेफाननं पुढं केली. बाई बघत बसल्या. मला वाटलं, आता उठतील. नखाएवढा तुकडा मोडला, तोंडात टाकला, म्हणाल्या, "सार गार होतंय." बस्स. म्हातारा मान खाली घालून रडत होता, सार पीत होता.
त्यांनी मासा खाल्ला, मी बीटचं सार नि कोबीच्या उकडलेल्या करंज्या. करंज्या छान होत्या. आप्पांचे आखडलेले पाय सारखे आठवत होते. तोंड धुवायच्या निमित्तानं न्हाणीत गेलो नि पोटभर रडून घेतलं. टब रिकामा.

२६ डिसें.
आप्पांना पत्र लिहिलं. इथून पहिल्यांदाच त्यांच्या नावानं. लांबच्या माणसाला इथले लोक पाकिटातून चकती पाठवतात, बाईंनी एक दिली. तिचा तुकडा मी खाल्ला, बाकीची पाकिटात. लिहिलं : सरकारनं आपणहून पाठवलं नव्हतं. अर्ज मीच केला होता. तुमच्याशी खोटं बोललो. चुकलं. राग गेला असेल तर यातला तुकडा मोडून खा.
खातील? परक्या देवाचं म्हणून छावणीतल्या गाईला घालतील? गाईला घातलं तर त्याचा अर्थ काय धरायचा?

१६ जाने.
सुशीलेचं पत्र! २३ डिसें.ला लिहिलेलं. म्हणजे मी माझं लिहायच्याही आधीचं. येळवस झाली म्हणे. पाच-सात पेंढ्यांची कोप, त्याही मागून आणलेल्या. आप्पांनी सगळ्यांना वाढलं, स्वतः बसले, घास हातात घेतला नि थांबले. "का गं, तिकडं त्याला कुणी जेवाया हाक मारली असंल का?" मग जेवलेच नाहीत नीट.
नाव घेतलं नाही, असं ती खाली लिहिते. नाही तर नाही.
मारली, आप्पा. दोन दिवस उशिरा, पण मारली.
पाकीट आज कुठवर गेलं असेल? चकतीचा भुगा झाला नसला म्हणजे मिळवली. शिरूरला पोस्टमन दुपारी येतो. त्या वेळी आप्पा ओसरीवरच असतात.