नरम पडलेला विषाणू

सर, आपला विषाणू अंड्यात नरम का पडत होता, ते आता कळलंय. पूर्ण नाही, पण बरंचसं. परवा एक लेख वाचला. करोना विषाणूच्या अंगावरच्या काट्यात एकदोन ठिकाणी बदल झाला की हॅमस्टर आणि उंदीर त्यानं फारसे आजारी पडत नाहीत, त्यांची फुफ्फुसं जवळजवळ स्वच्छ राहतात, आणि मागाहून खरा विषाणू दिला तरी ते तग धरतात. वाचता वाचता मी थेट आपल्या प्रयोगशाळेत, अंड्यांच्या ट्रेसमोर जाऊन बसले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पशुवैद्यकीचं पदव्युत्तर शिकत होते आणि तुम्ही कोंबड्यांच्या खोकल्याच्या मागे लागला होतात. त्याचा विषाणूही करोनाच्याच घराण्यातला, हे तेव्हा नुकतं लोक म्हणू लागले होते. तुम्ही मला एका मासिकातला विषाणूचा फोटो दाखवलात आणि म्हणालात, याला मुकुट म्हणतात, मला तर धोतऱ्याचं बोंड दिसतं. आपण अंड्याला बारीक भोक पाडायचो, विषाणू आत सोडायचो, मेणानं भोक बुजवायचो, आणि काही दिवसांनी आतलं पाणी काढून पुढच्या अंड्यात. हे पुन्हा पुन्हा, महिनोन् महिने. सक्करदऱ्याला तुमच्या घरी जेवायला आले तेव्हा काकू पोळी वाढताना म्हणाल्या होत्या, "यायले घरात अंडं चालत नाही, अन् दिवसभर तिकडं अंडेच फोडून राह्यले." तुम्ही मान खाली घालून हसत जेवत राहिलात.

गंमत अशी होती की विषाणू अंड्यातल्या जिवाला दिवसेंदिवस जास्त मारायचा आणि बाहेरच्या पिलांना कमी कमी त्रास द्यायचा. मी कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "मलेबी नाही माहीत, पोरी. तेच तर पाहून राह्यलो." इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' इतक्या आनंदानं निघालेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात खापरखेड्याची एक कोंबडीवाली मावशी आली. वीज केंद्राच्या वसाहतीत अंडी विकून घर चालवणारी. तिची पिलं चोची वासून घरघरत होती, रोज काही मरत होती. पिलांना टोचून वाचवणारं काहीतरी आपण करतोय, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात. ती पदर सावरत निघून गेली. मला राहवलं नाही. आपल्या पिंजऱ्यातली सगळी पिलं धडधाकट आहेत, मग द्यायला काय हरकत आहे, असं मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं. तुमचा आवाज चढला नाही, पण तसे शब्द तुम्ही मला पुन्हा कधी ऐकवले नाहीत. "आज ते नरम दिसून राह्यलं. उद्या तिच्या कोंबड्यायमंदी फिरून फिरून परत तिखट झालं तं? मग तिच्याकडं तू जाशीन का सांगाले?"

मग आपण तेच करून पाहिलं. नरम विषाणू एका पिलाला, त्याच्या घशातून पुढच्या पिलाला, त्याच्याकडून आणखी पुढच्या. बरेच दिवस सगळं ठीक होतं. एका दुपारी, कूलरला लावलेल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरलेला असताना, तुम्ही कूलर बंद करायला सांगता. पिंजऱ्याला कान लावून, डोळे मिटून उभे राहता. मीही वाकते. आत एक पिल्लू बारीक घरघरतंय. कितीतरी महिन्यांचं काम त्या आवाजात गेलं, आणि मला रडू येत होतं. तुम्ही खुर्चीत बसलात, चष्मा पुसलात, आणि खरोखर उत्सुकतेनं म्हणालात, "काहून परतलं असन गा हे?" मला नाही, विषाणूलाच विचारल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा पहिल्या अंड्यापासून सुरुवात केली. या खेपेला कितीतरी लांब गेलो. जे हाती आलं ते पिलांमध्ये कितीही फिरवलं तरी नरमच राहिलं. तेव्हा तुम्हीच स्कूटर काढलीत. मावशीनं त्या हिवाळ्यानंतर पुन्हा थोडी पिलं पाळायला आणली होती. ती एकेक पिल्लू छातीशी धरायची आणि मी त्याच्या डोळ्यात लसीचा थेंब सोडायचे. त्या वर्षी तिची पिलं जगली. ती पारशिवनीकडची निघाली, तुमच्या शेजारच्या गावची. मग लसीचं राहिलं बाजूला आणि तुम्ही दोघं तिथल्या विहिरींबद्दल बोलत बसलात.

आता कळतं ते असं. अंड्याच्या पेशींना ज्याचा काटा चांगला चिकटतो तो विषाणू अंड्यात टिकत जातो, आणि त्या नादात कोंबडीच्या श्वासनळीवरची त्याची पकड ढिली होते. बदल एखाददुसराच असेल तर तो सहज उलटतो. आपला पहिला विषाणू बहुधा असाच परतला. बदल बरेच साचले की परतीची वाट अवघड होते. नुसता काटाच नाही, आतही काही बदलतं म्हणतात, आणि त्यातलं पुष्कळ अजून कुणालाच नीट माहीत नाही. तुम्हाला हे फार आवडलं असतं. विषाणूच्या जनुकांची अक्षरं वाचता येऊ लागायच्या आधीच तुम्ही गेलात.

हे पत्र कुठे टाकणार? सक्करदऱ्याच्या त्या घरात आता दुसरीच माणसं राहतात. माझी मुलगीही याच विषयात आहे, लेख तिनंच पाठवला होता. कसा वाटला म्हणून तिनं दोनदा विचारलं, आणि मी अजून वाचला नाही असं सांगितलं. खरं म्हणजे तिच्याशी बोलण्याआधी मला एकदा तुमच्याशी बोलायचं होतं.