चेंबरमधला काळा हलवा

वडकरा, केरळ,
मीनम महिना, बुधवार

आदरणीय गंगाधरमामा,

तुमच्या भाच्याचा, प्रजीषचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. शारजात तुमचा गुडघा कसा आहे? अम्मा म्हणते, तेल लावता का नुसतं ठेवून दिलंय? इकडे सगळं ठीक. अम्मा ठीक, विहिरीला पाणी आहे, फणस धरलेत. गाडीही ठीक आहे. म्हणजे आता आहे. मध्यंतरी नव्हती, आणि ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत (वडकऱ्याची अर्धी माणसं शारजात आहेत आणि उरलेली अर्धी त्यांना पत्रं लिहितात) मीच कळवलेलं बरं. शेजारचे हमीदक्का उद्याच्या विमानानं निघतायत, त्यांच्याबरोबर केळ्याचे वेफर्स आणि हे पत्र देतोय. वेफर्स आधी खा.

मामा, जाताना पोर्चमध्ये उभं राहून तुम्ही बजावलं होतंत की रोज सकाळी गाडी पाच मिनिटं चालू कर, बॅटरी उतरू देऊ नकोस. मी तुमचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. ताप होता तेव्हासुद्धा चालू केली. फक्त जागच्या जागी घुरघुरत ठेवायची म्हणजे जनावर दाव्याला बांधल्यासारखं वाटायचं, म्हणून फाटकाबाहेर काढून बसथांब्यापर्यंत न्यायचो, तिथं जरा बंद करायचो आणि परत आणायचो. (थांबा आपल्या फाटकातून दिसतो. तिथं सकाळी नर्सिंग कॉलेजच्या बसची वाट पाहत कोण उभं असतं, याचा या पत्राशी काही संबंध नाही.) बस उशिरा आली तर दोनदा न्यायचो. गाडीच्या भल्यासाठी.

तर परवा परवा, नेमका थांब्यासमोर, ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. घरी येऊन ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला पिवळट, घट्ट लोण्यासारखा थर. आता, मी पॉलिटेक्निक सोडलं तेव्हा (सोडलं म्हणजे सरांशी पिस्टनवरून माझं वाजलं, त्यात त्यांचीच चूक होती) इंजिन थंड ठेवण्याचं प्रकरण शिकवून झालं होतं आणि वंगणाचं पुढच्या सत्रात होतं. त्यामुळे मी ताबडतोब ओळखलं की हेड गॅस्केट फुटलं आणि रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये शिरलं. जेवण गेलं नाही. पण उठल्याबसल्या रेडिएटर उघडून बघतोय तर पाणी काठोकाठ, थेंबभर कमी होईना. मग तर जास्तच भीती वाटली. पाणी कमी झालं असतं तर निदान मी बरोबर तरी ठरलो असतो.

अशा वेळी माणसाला सल्ला देणारे भेटतात. रिक्षावाले मनोहरेट्टन म्हणाले, “ऑइलमध्ये थोडं डिझेल ओत आणि चालू ठेव. सगळी घाण धुऊन निघते. मी माझ्या रिक्षाला हेच करतो.” (मनोहरेट्टनच्या रिक्षात सध्या त्यांच्या कोंबड्या राहतात, हे मला नंतर आठवलं.) ओतलं. घाण सुटली, हे खरं. पण सुटून गेली ती खाली, ऑइल वर खेचणाऱ्या पंपाच्या जाळीत, आणि जाळी चोंदली. लाल दिवा लागला तो लागलाच, आणि इंजिनातून डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज. मी झडप घालून किल्ली उलटी फिरवली. जे वाचलं ते त्या झडपेमुळे, हे लक्षात ठेवा.

आता ढकलत नेता येईल असं गॅरेज एकच, नाक्यावरच्या अनंतन आशानचं, सगळ्या मेकॅनिकांच्या उस्तादाचं. मामा, आशान म्हणजे रजिताचे वडील. रजिता म्हणजे मघाशी मी कंसात उभी केली होती ती.

आशाननी इंजिनावरचं टॅपेट कव्हर काढलं, गाडीखाली शिरून ऑइलचं चेंबर उतरवलं, आणि मला हाक मारली. चेंबरच्या तळाला काळाकुट्ट, चकचकीत, वडी पाडावी असा थर. हुबेहूब कोझिकोडचा काळा हलवा. आशाननी पत्र्यानं एक तुकडा कापला, कागदावर ठेवून माझ्यापुढे धरला.

“घे, खा. तूच केलायस.”

मी म्हटलं, “गॅस्केट फुटलंय, आशान.”

“डोकं फुटलंय तुझं. इंजिन तापलं की आतली वाफ निघून जाते. न तापता बंद केलं की तिचं पाणी होतं, ते ऑइलमध्ये मिसळतं, त्याचा हा चिखल. रोज कुठवर नेतोस गाडी?”

“जवळच. बॅटरीसाठी.”

“जवळ म्हणजे?”

मामा, खोटं बोलावं तर पोर्च ते थांबा एवढाच रस्ता आहे. म्हटलं, “थांब्यापर्यंत.”

“सकाळी?”

“सकाळी.”

आशान चिंधीनं हात पुसत राहिले. हात पुसून झाले, तरी पुसत राहिले. मग म्हणाले, “रोज तू तापतोस, पोरा, गाडी तापत नाही.” गॅरेजातली सगळी माणसं हसली. मला काय वाटलं असेल ते तुम्ही ओळखा. एरवी मी पाना फेकला असता. पण ज्याची मुलगी हवी त्याच्यावर पाना कसा फेकणार?

काम मात्र चोख केलं. जाळी सोडवली, चेंबर आणि कव्हर रॉकेलनं धुतलं, ऑइलच्या वाटा तारेनं साफ केल्या. नवं ऑइल घालून थोडी चालवली, तेही काळं निघालं म्हणून काढून पुन्हा नवं घातलं. दिवा विझला. आता इंजिन ऐकायला कान लावावा लागतो.

पण आशान म्हणाले, आता हिला एका दमात लांब पळवायला हवी, तापू द्यायला हवी. आणि लांबचं काम त्यांच्याकडे आहेच. पालक्काडचा एक मुलगा रजिताला बघून गेलाय. येत्या रविवारी आशान आणि त्यांचे दोन मेहुणे त्याचं घर बघायला जाणार. तुमच्या गाडीनं. “चालवायला तूच ये,” म्हणाले, “सवय आहे तुला.” त्यांना सगळं कळलंय की काहीच कळलेलं नाही, हे त्यांच्या तोंडावरून मला अजून उमगलेलं नाही. मी हो म्हणून बसलोय. घर पसंत पडलं की तिथंच तारीख ठरवून येतील, आणि परत आणायलाही मीच. विशूच्या सणाला तुम्ही याल तेव्हा गाडी पोर्चमध्ये दिसेल. माझं काही सांगता येत नाही.

गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
प्रजीष

ता.क. एक सांगायचं राहिलं. मी निघताना रजिता आशानचा जेवणाचा डबा घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, “रविवारी ही गाडी पालक्काडला पोचेल का नक्की?” मी छाती ठोकून म्हटलं, “पोचणारच. माझी गॅरंटी.” तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही कॉलेज अर्धवट सोडलंत ते कळतंच.” मामा, यात कॉलेज कुठून आलं? मला फार लागलं ते.

ता.क. २. पाकीट चिकटवलं होतं, फोडून लिहितोय. कळलं, मामा, यात कॉलेज कुठून आलं ते. आत्ता, विहिरीवर पाणी ओढताना कळलं. पत्र मिळताच आपल्या शेजारच्या कुट्ट्यालीच्या दुकानात मला फोन करा आणि एवढंच सांगा, की इंजिनाला धक्का न लागता गाडी वाटेत बंद पाडायची तर कोणती तार काढावी. शेजारच्या सीटवर आशान बसलेले असतील, हे धरून सांगा.