तळोदा संघाची कच्ची बाजू

सोमवार, १७ ऑगस्ट १९३६

तीन गोल! आणि तिन्ही शेवटच्या वीस मिनिटांत. तोवर नंदुरबारच्या रेल्वेवाल्यांना आम्ही गोलजवळ फिरकू दिलं नव्हतं. मग एकाएकी असं काय झालं?

गोलमध्ये मी. माझ्यापुढे दोन बॅक – उजवीकडे लोटन, कापसाच्या जिनातला फिटर. डावीकडे दलसिंग, जंगलखात्याचा रखवालदार. तिन्ही चेंडू लांबून, उंचावरून आले. बॅकनी येऊ दिले म्हणून आले! लोटन माझ्या नाकासमोर आडवा उभा. मला चेंडू दिसणार कसा?

सामना संपल्यावर म्हणतो, "जाऊ दे भाऊ, ऊन उतरनं का आसंच व्हस." ऊन उतरलं की असंच होतं म्हणे! म्हणजे गोल उन्हाने अडवायचे, बॅकनी नव्हे?

दसऱ्याला शील्ड आहे. तीन वर्षं ते शहाद्याला जातंय. यंदा आणलं नाही तर कप्तानी सोडीन, गोलमध्येही उभा राहणार नाही – असं मामलेदारसाहेबांसमोर, सगळ्या कचेरीदेखत बोलून बसलोय. साहेब नुसते हसले. ते हसणं काही डोक्यातून जात नाही.

मंगळवार, १८ ऑगस्ट

आजपासून धोंड्याचा महिना. हिने एकवेळच्या जेवणाचं व्रत धरलं. मी संघाची झाडाझडती धरली. मोसमाच्या सुरुवातीलाच खोट सापडली तर सापडली.

भीमसिंग, उजव्या कडेचा फॉरवर्ड. त्याला गाठणारा सगळ्या पश्चिम खानदेशात नाही. पण चेंडू दुसऱ्याला देईल तर शपथ! दोन्ही हाफ माझे कचेरीतले सोबती. मध्यंतरानंतर कमरेवर हात ठेवून उभे. नोकरी सरकारची, खेळही सरकारी.

दलसिंगच्या पायात बूट नाही, पण बूटवाल्यांना लोळवतो. नजर डोंगरातली, तीक्ष्ण. बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसाचं काय खरं?

लोटन सगळ्यांत भरवशाचा. म्हणूनच संशय त्याच्यावर. भरवशाच्या म्हशीला टोणगा!

गोलकीपर – मी. धुळ्याला हायस्कुलात होतो तेव्हापासून, बारा वर्षं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, २३ ऑगस्ट

सराव. संध्याकाळी आमच्याच पोरांनी माझ्यावर दोन गोल चढवले! लोटन पुन्हा माझ्यापासून दोन पावलांवर. "सरक पुढे," ओरडलो. "अठेच बरा शे, भाऊ." आणि तो दलसिंग! चेंडू वर गेला की आपल्या डोंगरातल्या बोलीत काहीतरी ओरडतो. कुणाला खूण करतो हा?

घरी निघालो आणि टोपी मैदानावरच राहिल्याचं लक्षात आलं. परत गेलो तर काय – गोलमध्ये जान्या उभा! जिनात कापसाच्या गाठी उचलणारा, ताडमाड गडी. लोटन त्याला उंच चेंडू फेकून देतोय, तो झेलतोय. मला बघून दोघे थिजले.

"काही नही भाऊ, गंमत करी ऱ्हायनूत."

गंमत! माझी जागा काढून घ्यायची गंमत. कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, २६ ऑगस्ट

लोटन काल शहाद्याला गेला होता. जिनाच्या कामाला नव्हे, मुकादमाला विचारून खात्री केली. आमच्या पट्टेवाल्याने त्याला पाहिलं. कुठे? बन्सीलालच्या ओट्यावर, चहा पिताना. बन्सीलाल म्हणजे शहाद्याचा कप्तान!

रविवार, ३० ऑगस्ट

प्रकाशेकरांशी सामना. लोटनने हट्ट धरून तो भर दुपारी सुरू करवला. का? बन्सीलालने पढवलं असणार – गड्यांना उन्हात दमव! पण डाव फसला. ३–१ने जिंकलो. मी दोन चेंडू असे झेलले की प्रकाशेकरांनीही टाळ्या वाजवल्या.

आनंदात घरी आलो तर मागच्या दारातून दलसिंग बाहेर पडतोय. मला बघून खाली मान घालून चालता झाला. हिच्या हातात पळसाच्या पानांचा पुडा.

"काय आहे?"

"अळंबी. डोंगरातून आणली त्याने."

फुकट? कचेरीच्या कारकुनाच्या घरी फुकट काही येत नाही. त्याचा एखादा अर्ज माझ्या टेबलावर पडलाय का ते उद्या बघतो.

सोमवार, ३१ ऑगस्ट

अर्ज नाही. मग त्याला पाहिजे तरी काय?

शुक्रवार, ४ सप्टेंबर

पाच दिवसांत तिसऱ्यांदा अळंबी. काळ्या मसाल्यात, तिखटजाळ. चव काही ओळखीची नाही, पण वाईट म्हणवत नाही.

मात्र हिचं वागणं चमत्कारिक. ती भाजी चुलीवर करत नाही. मागे परसात तीन दगड मांडून, कोऱ्या मडक्यात, भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन शिजवते. मग पुन्हा डोक्यावरून अंघोळ. स्वतः शिवतही नाही. विचारलं तर म्हणते, व्रताला अळंबी चालत नाही. बायकोच्या व्रताला चालत नाही आणि नवऱ्याला आग्रहाने वाढायची!

बाहेर लोटन, घरात ही. कुणी ताकास तूर लागू देत नाही.

रविवार, ६ सप्टेंबर

शहाद्याला हरलो. ०–२. पुन्हा शेवटी, पुन्हा उंचावरून! बन्सीलालच्या फॉरवर्डांनी ऊन उतरेपर्यंत एकही उंच चेंडू मारला नाही, आणि मग दुसरं काही मारलंच नाही. त्यांना कुणी सांगितलं?

सगळ्यांसमोर लोटनला म्हणालो, "विकलंस आम्हाला! उद्यापासून संघात येऊ नकोस." तो खाली बसून घोट्याची पट्टी सोडायला लागला. दलसिंग तरातरा माझ्याकडे आला, तर लोटनने त्याचा हात धरून मागे ओढला.

बाकीचं आज लिहवत नाही.

सोमवार, ७ सप्टेंबर

लिहिलंच पाहिजे.

काल लॉरीत चढताना बन्सीलालने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "लोटनवर कसाले चिडस? तो मन्हापाशी उना व्हता, हात जोडीसन. म्हने, सामना दुपारले लाव, आम्हना भाऊले सांजले दखास नही. मी नही म्हनं. पोरेसले सांगं, सांजलेच उंच मारा. खेळ शे, मगनभाऊ, दया नही."

संध्याकाळी मला दिसत नाही – मला! खोटारडा म्हणालो त्याला आणि लॉरीत बसलो.

वाटेत अंधारू लागलं. सगळे उठून उभे राहिले, शेताकडे बोट दाखवून ओरडायला लागले – हरणं, हरणं! केवढा कळप! जान्याने मला विचारलं, "दखं का भाऊ?"

मी मान डोलावली. मला शेतही दिसत नव्हतं.

मग बाकी रस्ताभर एकच विचार. गेले दोन-तीन महिने मी अशीच मान डोलावतोय. दिवेलागणीला उंबऱ्याला ठेचकाळतो आणि हिच्यावर डाफरतो, की वाटेत पाट का ठेवला. पाट नसतो.

मंगळवार, ८ सप्टेंबर

जिनात गेलो. लोटन यंत्राखाली आडवा पडून काम करत होता. तिथेच त्याच्याजवळ उकिडवा बसलो. विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

"तुले कोन सांगी, भाऊ? तू आयकस का कोनाचं?"

खरं आहे. नाही ऐकत.

दलसिंगचं ओरडणंही कळलं. "तो माले सांगस, चेंडू कोनीकडथीन ई ऱ्हायना. मंग मी तुन्हा पुढे उभा ऱ्हास." मला दिसत नाही म्हणून हे दोघे माझे डोळे झाले होते, आणि मी इथे पानंच्या पानं त्यांना चोर ठरवत होतो. शरम वाटली. लाज वाटली. तसं त्याला सांगितलंही, सगळ्या जिनासमोर – तोडलं होतं चारचौघांत, मग जोडायचंही चारचौघांतच.

म्हणालो, दसऱ्याला जान्याला उभा कर. मी कप्तानी सोडतो.

"जान्या तयार शे. पन तूच उभा ऱ्हाशी. दसराले येळ शे. तवलोंग तुन्हा डोया नीट व्हई जाई."

"कशाने?"

तो पुन्हा यंत्राखाली गेला.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दिवा धरून डोळे पाहिले. रातांधळेपणा म्हणाले. मग विचारलं, आता कसं वाटतं? सांगितलं – खरंच सांगितलं – की कालपासून दिवेलागणीला अंगणातलं तुळशीवृंदावन दिसायला लागलंय.

"म्हणजे उतार पडतोय. काय खाता?"

"नेहमीचंच. हल्ली फक्त डोंगरातली अळंबी जास्त होते."

"अळंबीने नाही हो हे होत. याला माशाचं तेल लागतं, ते इथे मिळायचं नाही. नाहीतर बोकडाची कलेजी. हे डोंगरातले लोक तेच खातात आणि बरे होतात."

"आम्ही गुजर, डॉक्टर. आमच्या घरात अंडंसुद्धा..."

पळसाच्या पानांचा तो पुडा आठवला. दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसलो.

आधी संतापच आला, उगाच खोटं कशाला लिहू! बाटवलं मला! धोंड्याच्या महिन्यात, माझ्याच घरात, माझ्याच बायकोने! घरी जाऊन भांडी अंगणात फेकायची असं ठरवून उठलो.

पण बाजारातून चालताना तिचंच डोळ्यांसमोर आलं. ही खाटकाच्या आळीवरून जायचं टाळायला गावाला वळसा घालते. माहेरी कुणी लसूण खाल्ला तर चार दिवस बोलत नसत. त्या बाईने कलेजी हातात धरली असेल, कापली असेल, धुतली असेल. आणि पाप सगळं आपल्याच माथी राहावं म्हणून मला एका शब्दाने कळू दिलं नाही.

भूक नाही म्हणून सांगितलं. वाटी तशीच राहिली. रात्री ती माझ्याआधी झोपली नाही एवढं कळलं.

रविवार, १३ सप्टेंबर

दुपारपासून पाऊस. ही पळसाचा पुडा पदराखाली धरून, डोक्यावर पोतं घेऊन परसात निघाली. मी दारात आडवा उभा राहिलो.

"कलेजी आहे ना? आत शिजव. चुलीवर."

ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "चूल बाटेल."

"बाटू दे."