पेज, चुना आणि सर

१ मे १९६२, महाड
झालं! आबांनी फर्मान काढलं — या महिन्यात मुंबईच्या सरांना माझं संशोधन पटलं नाही, तर जूनपासून पोलादपूरच्या शाळेत मास्तर. मुंबई बंद.

माझं म्हणणं एवढंच. पाण्यात बारीक कण तरंगताहेत, त्यात धाग्यांसारखे लांब रेणू मिसळले. धाग्यांना हलायला जागा हवी, म्हणून कण एकमेकांकडे ढकलले जातात आणि वेगळे होऊन खाली बसतात. कणांना एकमेकांची ओढ नसली तरी! सर म्हणतात, ओढीशिवाय कुणी जवळ येत नाही. तीस वर्षं संसार केलेला माणूस असं बोलतो, कमाल आहे.

४ मे
बहिणीच्या, गोदूच्या लग्नासाठी घराला चुना लावणं चाललंय. चुना कपड्यांना लागू नये म्हणून त्यात थोडी भाताची पेज घालतात. आईच्या लग्नात पेज कमी पडली नि वऱ्हाडाच्या पाठी पांढऱ्या झाल्या होत्या. आत्या अजून टोमणे मारते. म्हणून यंदा आईनं पेजेचा अख्खा टोप ओतला. थोड्या वेळानं बघतो तर चुना गुठळ्या होऊन तळाशी, वर नितळ पाणी! आबा भडकले. मी पिंपाभोवती नाचलो.

५ मे
सर म्हणणार, पेज चिकट, तिनंच कण चिकटवले. म्हणून भरपूर पाणी ओतून ढवळलं. गुठळ्या गायब! चिकटले असते तर इतक्या सहज सुटले असते का? पुन्हा पेज, पुन्हा गुठळ्या. पुन्हा पाणी...

चुना संपला. भिंत अर्धीच पांढरी. गोदू बोलत नाही.

९ मे
लग्न लागलं. व्याही जेवताना भिंतीकडेच बघत होते. जिलेबी मात्र सोडली नाही.

१४ मे, मुंबई
सरांना बाटल्या दाखवल्या. पाणी घातलं, पेज घातली, गणित मांडलं. सरांनी एक बाटली स्वतः हलवून पाहिली, मग म्हणाले, "मी चुकलो." जिंकलो!

नंतर ग्रंथालयात गेलो. दोन जपान्यांनी हेच आठ वर्षांपूर्वी छापलंय. ना सरांना पत्ता, ना मला. मेलो.

१५ मे, महाड
आबांना सगळं सांगितलं. म्हटलं, शाळेत जातो.
"म्हंजे तुजं खरं हाय ना?"
हो म्हटलं.
"मग? ते जपानी काय मास्तरकी करायला गेले? उद्याच्या एसटीनं मुंबई गाठ."