पावाच्या सालीचा चारा

बाबा, गेल्या रविवारी तुमचे ते शिरगावचे मित्र घरी आले होते, कंपनीत तुमच्यासोबत असलेले आणि सुट्टीच्या दिवशी जांभूळ गावाच्या बाजूला नदीवर तुमच्या शेजारी गळ टाकून बसणारे. चहा संपायच्या आत त्यांनी विषय काढला. "अगं, तुझ्या बाबांचा तो पाण्यावर तरंगणारा चारा होता ना, तो कसा करायचे ते सांग ना. आमच्या गोळ्या साल्या सगळ्या बुडतात, आणि कटला वरच्या वर फिरत असतो. मास्टर माणूस होता तुझा बाप." मी हसले. तुमचं कौतुक ऐकून हसायची सवय तुम्हीच लावली आहे.

अजून डोळ्यांसमोर आहे, मी चौदा वर्षांची आहे. अंबरनाथच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळताय, ओटा घाण करताय, आणि संध्याकाळी रिकामी पिशवी आणून आईवर डाफरताय. जड गोळी तळाशी जाते आणि हा मासा वरच खातो, एवढं मला काठावर बसून दिसत होतं. तुम्हाला दिसत नव्हतं, कारण तुम्ही साहेब होतात. मग मीच पावाच्या मागे लागले. स्लाइस ब्रेड कामाचा नाही, भिजला की गळावरून सुटतो. उल्हासनगरच्या बेकरीतला लादीपाव हवा, तोही कालचा. त्याची वरची तपकिरी साल थोडा पांढरा गर ठेवून काढायची, पाण्याचा हबका मारायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून वर पोळपाट आणि डाळीचा डबा ठेवायचा. सकाळपर्यंत ती चिवट होते. गळ पांढऱ्या बाजूने घालून सालीतून बाहेर काढला की धरून राहते. दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं तेवढं काढून टाकायचं. मी बादलीत टाकून पाहिली, माझी आंघोळ, वेणी, नाश्ता उरकला तरी ती तरंगतच होती.

त्या दिवशी तुम्हाला तीन कटले लागले. "कोणी शिकवलं रे हे?" असं याच शिरगावच्या काकांनी विचारलं आणि मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही माझा दंड असा दाबलात की चार बोटं उमटली. घरी आल्यावर म्हणालात, "पोरीचा हात लागलाय कळलं तर पनवती म्हणतील. माझ्या बाजूला कोण बसेल? अक्कल पाजळायची ती घरात." त्यानंतर मला नदीवर नेलं नाहीत. पण लग्न होईपर्यंत दर शनिवारी साल मात्र मीच दाबत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते तुम्हालाच, बाबा. मला तुमचा तेव्हाही राग यायचा आणि आज जास्त येतो.

म्हणून मी काकांना खोटं सांगितलं. साल दुधात भिजवा, लोण्यासारखी मळा, घट्ट गोळी करा. ती धोंड्यासारखी बुडणार हे मला माहीत होतं. तुमचं नाव त्या काठावर एकदा तरी बुडावं, चार लोकांनी हसावं, एवढंच हवं होतं मला.

काल काकांचा फोन आला. "नाही गं जमलं. चौघांनी करून बघितलं, एक गोळी वर राहील तर शपथ. तू सांगितलं तस्संच केलं, पण तुझ्या बाबांचा हातच वेगळा. तसा माणूस परत होणार नाही."

काका, तो हात माझा होता, एवढंच म्हणायचं होतं. बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झालीत आणि मी पन्नाशीला आले आहे. मी म्हणाले, "हो ना काका," आणि फोन ठेवला. हा कागद कोणाच्या हाती जाणार नाही, तरी पुढचं वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिते आहे. मला अजून तुमची भीती वाटते.